राघोच्या वाट्याची भाकर

दोरा बांधून घेतला गुणाबाईनं आणि नाव सांगितलं नवऱ्याचं. झालं ते एवढंच. पण राघोला ते कसं भोवलं, ते ऐकण्यासारखं आहे.

राघो म्हणजे निजामपुऱ्यातला जुना जॉबर, यंत्रमाग दुरुस्त करणारा. माग अडला की शेठ लोक आधी राघोला हाक मारायचे, मग देवाला. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे माणूस बोलायचा मोठ्यानं आणि गायचा त्याहून मोठ्यानं. चौदा वर्षांपूर्वी त्यानं दारू सोडली, भातसा नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला आणि मागोमाग बायकोलाही उतरवलं. तेव्हापासून राहनाळला एका गोदामाच्या माडीवर भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी राघोचा आवाज वरच्या पत्र्याला धडका द्यायचा. शेजारच्या गोदामातले हमाल म्हणायचे, ‘चाचा का प्रोग्राम चालू हो गया.’

यंदा जानेवारीत त्याच राघोला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सरकारी इस्पितळात नऊ दिवस ठेवून घरी पाठवला. कानाला ऐकू यायचं, समजायचं सगळं, डावा हात चालायचा. बाकी खोलीतल्या खाटेवर पडून पेज गिळायची आणि छताकडे बघत राहायचं.

आता मंडळीतल्या दोन माणसांची ओळख करून देतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यांचा आहे. एक पास्टर नरेंद्र. वय पंचेचाळीस, आधी कुरिअरच्या गोदामात सुपरवायझर, मग दोन वर्षं नागपूरकडे शास्त्र शिकून आलेला. त्याचं म्हणणं असं की देवानं माणसं जगाच्या आधीच निवडून ठेवलीत. निवडलेला कधी हरवत नाही. आणि एखादा हरवलाच, तर समजा तो निवडलेला नव्हताच, नुसता आपल्यात बसत होता. दुसरे तुळशीराम वडील, म्हणजे मंडळीनं नेमलेले वडीलधारे, शाळेतून रिटायर झालेले क्लार्क. त्यांचं म्हणणं बरोब्बर उलटं. वाचलेला माणूसही हातचा सुटतो, शेवटच्या श्वासापर्यंत धरून राहावं लागतं, आज तारलेला उद्या बुडू शकतो.

दोन वर्षं दर बुधवारी हेच. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच. अर्धी मंडळी इकडे, अर्धी तिकडे, आणि उरलेल्या बायाबापड्या चहा कधी येतो त्याची वाट बघत. दोघांची अडचण एकच होती. वचनं पुष्कळ होती, पण बोट दाखवायला समोर माणूस मिळत नव्हता.

मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. तो ज्याला मिळतो तो आपला, ज्याला नाकारला तो बाहेरचा. आजारी माणसाला पास्टर घरी जाऊन द्यायचे. आणि ही भाकर आठ वर्षं गुणाबाईच्या तव्यावरची. गव्हाचं पीठ आणि पाणी, मीठ नाही, खमीर नाही. आदल्या दिवशी उपास धरायचा, भाकर थापताना तोंडानं एक शब्द काढायचा नाही. उभा जन्म मागांसाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेलेली बाई ती, तिला कुणी ‘बस’ म्हणून पाट दिला नव्हता. हा एक मान मिळाला होता, आणि तो ती जिवापाड जपायची.

लकवा मारल्यावर मंडळीनं तीन आठवडे उपास-प्रार्थना केली. बोट हललं नाही. मग गावाहून राघोची थोरली बहीण पुतळाबाई आली. तिनं भावाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, तुझा नवा देव झोपलाय काय?" ती म्हणाली. "आपल्या भगताकडून एक दोरा बांधून घेऊ. त्याचं काय जातंय?"

"न्हाय वन्सं. आमच्यात चालत न्हाय."

"मग बस, मढ्याला पेज पाजत!"

त्या शब्दानं गुणाबाईचं काळीज फाटलं. शुक्रवारी भर दुपारी, शेजारच्या बाया कामावर असताना, भगत आला. लिंबू कापलं, काहीबाही पुटपुटला, राघोच्या उजव्या दंडाला काळा दोरा बांधला आणि गेला. गुणाबाईनं वरून बाहीचा सदरा चढवला. राघोला कुणी विचारलं नाही. तो नुसता बघत होता.

पाप लपत नाही म्हणतात, पण बाहीखाली दोरा बारा दिवस लपला. तेराव्या दिवशी, बुधवारी, पास्टर आणि तुळशीराम वडील घरी प्रार्थनेला आले. पास्टरनं डोळे मिटून राघोच्या दंडावर हात ठेवला, आणि बोटांना गाठ लागली. त्यानं डोळे उघडले, बाही वर केली.

"हे काय आहे, गुणाबाई?"

पुतळाबाई आदल्याच दिवशी गावाला गेलेली. खोलीत तिघं आणि खाटेवरचा राघो. गुणाबाईच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? नवरा? छे! तिला दिसला आपला तवा. आठ वर्षांचा मान एका दोऱ्यापायी जाणार, आणि रविवारी बाया आपल्याकडे कशा बघणार, हे दिसलं. जीभ आपोआप वळली.

"मी नको नको म्हटलं, पास्टर. त्यांनाच पायजे होता. बहिणीला खुणावलं त्यांनी. आजाऱ्याचं मन मोडवलं न्हाय."

राघोनं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

आणि मग त्या दोघांच्या अंगात जे वारं शिरलं! सांगतो, मरणाच्या दारात पडलेल्या माणसापुढे माणसं इतकी खुश झालेली मी कधी ऐकली नाहीत. दोन वर्षं जो माणूस मिळत नव्हता, तो आयता खाटेवर सापडला. खाटेच्या अलीकडे पास्टर, पलीकडे तुळशीराम, आणि मध्ये राघो.

"बघा," पास्टर म्हणाला, "चौदा वर्षं गायला. पण मूळ नव्हतंच. निवडलेल्यानं हे केलं नसतं. हा आपल्यात कधी नव्हताच, वडील."

"नव्हता कसा? मी स्वतः पाण्यात त्याचा हात धरला होता! होता, चांगला होता, आणि पडला. तुमच्या शिकवणीनंच माणसं गाफील होतात. काही केलं तरी आपण सुटलोच, असं वाटतं त्यांना."

"आणि तुमच्या शिकवणीत देव दुबळा होतो. धरलेलं माणूस त्याच्या हातून निसटतं?"

"देव सोडत नाही हो. माणूस सोडतो!"

"म्हणजे माणूस देवापेक्षा बळकट?"

राघोचे डोळे इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याच्या घशातून घरघर निघाली, तर तुळशीराम म्हणाले, "थांब राघो, बोलू दे." वाचा गेलेल्या माणसाला हे म्हणतात! तापल्यातापल्या त्यांनी खिशातल्या ब्लेडनं दोरा कापून टाकला, तेव्हा दंडाला ओरखडा आला. तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी पास्टरनं राघोचा डावा हात हातात घेतला. "राघोभाऊ, नीट ऐका. हा दोरा तुम्हाला हवा होता का? हवा असेल तर माझा हात दाबा."

राघोनं गुणाबाईकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हात दाबला. पास्टरनं दोनदा विचारलं. त्यानं दोनदा दाबला.

माझ्यासाठी अंगावर घेतलं यांनी, असं तिच्या मनात आलं. तिला लाज वाटली, रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. माणूस असाच असतो, उगाच कशाला सोवळं नेसवा.

निकाल लागायला वेळ लागला नाही. पास्टर म्हणाला, जो आपला नव्हताच त्याला भाकर कशी द्यायची? तुळशीराम म्हणाले, जो पडला त्यानं आधी मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडानं कबूल करायला हवं. तसा नियमच होता, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं बोललेलं चालत नव्हतं. आता ज्याला उभं राहता येत नाही आणि तोंडातून शब्द निघत नाही, त्यानं काय करायचं? त्याचं उत्तर नियमात नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर जमलं: राघोला भाकर नाही. जाताना पास्टरनं खाटेशी वाकून समजावलं, मन साफ नसताना ही भाकर पोटात गेली तर तो आशीर्वाद नसतो, तो शाप होऊन बसतो, तेव्हा न देण्यात तुमचंच भलं आहे. हे त्यानं अगदी प्रेमानं सांगितलं.

पहिला रविवार आला. खोली एकच. राघोच्या खाटेसमोरच गुणाबाई पीठ मळायला बसली. एरवी तो त्या वेळी मान वळवून बघत राहायचा, लकव्यानंतरही घशातल्या घशात काही गुणगुणायचा. त्या दिवशी त्यानं परातीकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ती राहनाळला गेली, सगळ्यांबरोबर बसली, आपल्याच हातची भाकर खाल्ली. बायांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काय धीर आहे बाई तुझा! नवरा असा फिरला तरी तू ढळली नाहीस." रंजिता नावाची तरुण सून तर रडलीच. गुणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. ते कौतुक तिला गोड लागलं, हेही लपवत नाही.

घरी मात्र राघो आटत चालला. मोबाईलवर भजन लावलं की तो डाव्या हातानं मोबाईल ढकलून द्यायचा. पेज चार चमचे जायची, ती दोनवर आली. रस्त्यावरून अँब्युलन्स गेली की त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. आधी त्याला मरणाची भीती नव्हती. ‘बोलावलं की जायचं, तिकडे आपली जागा राखून ठेवलेली हाय,’ असं हसत सांगणारा माणूस तो. आता त्याची जागा गेली होती, आणि जगणंही जमत नव्हतं. एकदा ती अंग पुसत असताना त्यानं तिचं मनगट धरलं आणि वर छताकडे, मग खाली जमिनीकडे बोट केलं. वर की खाली? तिलाच विचारत होता. जिनं ढकललं तिला.

गुणाबाई मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. आणि मग ठरवलं. तवा गेला तरी चालेल, पण हा माणूस असा घाबरून मरता कामा नये.

बुधवारी संध्याकाळी राहनाळच्या माडीवर ती उभी राहिली.

"दोरा मी बांधून घेतला," ती म्हणाली. "भगताला मी बोलावलं. त्यांना इचारलंबी न्हाय. खोटं बोलले मी. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. माझं काय ते करा, पण त्यांची भाकर त्यांना द्या."

मग मागून एक बाई किंचाळली, "अगं बाई, म्हणजे त्या रविवारची भाकर हिच्याच हातची! भगताला घरात घेतलेल्या हातांची!" आणि झालं. राघो बाजूला राहिला, भाकर पुढे आली. आपण जे खाल्लं ते प्रभुभोजन की नुसती पोळी? पास्टर म्हणाला, करणाऱ्याच्या हातानं भाकर बाटत नाही. तुळशीराम म्हणाले, मग उपास कशाला धरायला लावता? एकानं तोंडात पाणी घेऊन गॅलरीतून चूळ टाकली. दहा दिवसांपूर्वीच्या भाकरीसाठी! पाठीवरून हात फिरवणाऱ्या बाया अंग चोरून सरकून बसल्या. तवा रंजिताकडे देण्यात आला, आणि गुणाबाईला सहा महिने भाकर बंद झाली.

"आणि त्यांची?" तिनं विचारलं. तीनदा विचारलं, तेव्हा कुठे कुणाला राघो आठवला.

तास-दीड तास काथ्याकूट होऊन ठरलं की राघो निर्दोष. पास्टरच्या मते तो निवडलेला होताच, म्हणून तर देवानं सत्य बाहेर काढलं. तुळशीरामांच्या मते तो पडलाच नव्हता, घट्ट धरून राहिला. दोघंही खुश. गुणाबाई जिना उतरताना एकटी होती, पण तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पास्टर, तुळशीराम आणि स्टीलचा डबा घेऊन रंजिता अशी तिघं आली. गुणाबाईनं राघोची दाढी केली होती, उशी उंच केली होती. पास्टरनं प्रार्थना केली, भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या ओठांशी नेला.

"घ्या राघोभाऊ. तुमचा दोष नव्हता. गुणाबाईंनी सगळं सांगितलंय."

राघोनं तोंड मिटून घेतलं.

"अहो, घ्या," गुणाबाई म्हणाली. "मी सांगितलं समद्यांना. तुमाला कुठं ठाव होतं? मी बांधला दोरा."

त्यानं मान हलवली. नाही. डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर दोनदा आपटला. मग त्या हातानं लुळा उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला, हवेत धरला आणि सोडून दिला. तो धपकन खाटेवर पडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोलता आलं नाही, पण समजायला कुणाला काही राहिलं नाही. दोरा कुणीही बांधो, बांधल्यावर त्यानं बारा दिवस त्या दोऱ्यावर भरवसा ठेवला होता. हात उठेल म्हणून वाट बघितली होती. पास्टरचा हात त्यानं बायकोला वाचवायला दाबला नव्हता. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं होतं, बस.

गुणाबाई खाली बसली. तिनं खोटं म्हणून सांगितलं ते खरं होतं, आणि खरं म्हणून सांगितलं ते खोटं ठरलं.

पास्टरनं तुकडा डब्यात ठेवला. "स्वतःच नाकारतोय," तो हळू म्हणाला. "माझं पहिलं म्हणणंच बरोबर होतं."

"बरोबर? अहो, पडलेला माणूस आहे हा, डोळ्यांदेखत!" तुळशीराम म्हणाले.

"पडला तर पडला!" गुणाबाई ओरडली. "आत्ता कबूल केलं की त्यांनी, तुमच्याम्होरं! आणखी कसं करायचं?"

"कबुली तोंडानं लागते, गुणाबाई," तुळशीराम म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "आणि तो तोंडच उघडत नाही. आम्ही काय करणार?"

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते काही खोटं नाही. दोघं वाद घालत जिना उतरायला लागले. रंजिता डबा बंद करत होती, तोच गुणाबाईनं झडप घालून आतला एक तुकडा उचलला. रंजितानं बघितलं. ती काही बोलली नाही, झाकण लावलं आणि निघून गेली.

गुणाबाईनं दाराला कडी घातली. खाटेवर चढून गुडघ्यानं नवऱ्याचा चालता हात दाबून धरला. राघोला कळलं. तो मान झाडायला लागला, घशातून आवाज काढायला लागला. पण नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि दोन महिने गोळ्या अशाच तर देत आली होती ती. श्वासासाठी त्यानं तोंड उघडलं तसा तिनं तुकडा आत सारला, वर चमचाभर पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी जबडा मिटून धरला.

"गीळ," ती म्हणाली. चौतीस वर्षांत तिनं त्याला ‘अहो’शिवाय हाक मारली नव्हती. "गीळ म्हणते ना! त्यांना कळतंय काय? तुला एकट्याला न्हाय जाऊ देणार मी खाली. गीळ!"

तुकडा जाडा होता, कच्चा राहिला होता. राघोचा चेहरा काळानिळा पडला, डोळे बाहेर आले. ती हटली नाही. शेवटी घशाची घाटी वर-खाली झाली. तिनं हात काढला, बोट घालून तोंड रिकामं झाल्याची खात्री केली, पदरानं त्याचे ओठ पुसले आणि धापा टाकत खाटेच्या कडेला बसली. "झालं," ती म्हणाली. "आता कुणाच्या बापाची टाप न्हाय तुमाला बाहेर काढायची."

राघो तिच्याकडे बघत होता. ज्या भाकरीला तो जिवाच्या आकांतानं नाही म्हणाला, ती आता त्याच्या पोटात होती, आणि पास्टरनं वाकून सांगितलेला शब्द न् शब्द त्याला आठवत होता. त्यानंतर तो अकरा दिवस जगला. ती वाटी घेऊन जवळ बसली की तो भीतीनं डावा हात तोंडावर घट्ट धरायचा, आणि ती तो हात बाजूला करून त्याला पेज भरवायची.